‘वास्तववाद हरला’ म्हणजे नेमकं काय हरलं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेलच्या असमानता, म्हणजे दूरच्या दोन कणांवरची मोजमापं किती जुळू शकतात याला जॉन बेलने घातलेल्या मर्यादा, निसर्ग पाळत नाही हे प्रयोगांनी दाखवलं आणि २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेलही त्याच कामाला मिळालं. त्यावर एक भौतिकशास्त्रज्ञ सांगतो, वास्तववाद हरला, मोजण्यापूर्वी कणाला गुणधर्म नसतोच. दुसरा, तितकाच नामवंत, म्हणतो की वास्तववादाचा इथे काही संबंध नाही, हरली ती स्थानिकता, म्हणजे इथे केलेल्या कृतीचा दूरवर तत्क्षणी परिणाम होत नाही ही कल्पना. दोघांचं गणित तेच, आकडे तेच. मग चुकतंय कोण?

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘वास्तववाद’ या एका नावाखाली निदान तीन वेगवेगळी विधानं वावरतात. त्यातलं सगळ्यात भाबडं विधान खरोखर हरलंय, पण बेलच्या प्रमेयाला ते गृहीतक म्हणून लागतच नाही. त्यामुळे दुसरा माणूस सत्याच्या जास्त जवळ आहे. मात्र त्याच्याही युक्तिवादात दोन-तीन गृहीतकं न बोलता बसलेली आहेत, आणि गेल्या काही वर्षांतला रंजक वाद सगळा त्यांच्यावरच चाललाय. एन्टँगल्ड, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या, फोटॉनच्या (प्रकाशकणांच्या) प्रयोगांमध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत आणि हा विषय शिकवतोही. तिथला अनुभव असा, की निष्कर्षावर भांडणारे लोक गृहीतकं फळ्यावर लिहायला बसले की निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेलं निम्मं मात्र खरं असतं.

तर फळ्यापासूनच सुरुवात करू. एका स्रोतातून फोटॉनच्या जोड्या निघतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही टोकांना पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेत कंपणारा प्रकाशच पार सोडणारी चकती, आहे आणि तो ०, ६० किंवा १२० अंशांवर ठेवता येतो. फोटॉन पार गेला तर उत्तर ‘हो’, नाही गेला तर ‘नाही’. योग्य अवस्थेत तयार केलेल्या जोडीत दोन्हीकडे कोन सारखा असेल तर उत्तरं नेहमी सारखीच येतात. कोन वेगळे असतील तर उत्तरं जुळण्याची संभाव्यता म्हणजे कोनांमधल्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग. आपल्या तीन कोनांपैकी कुठलेही दोन घ्या, ती १/४ भरते.

आता समजा, प्रत्येक फोटॉन निघतानाच तिन्ही कोनांची उत्तरं ठरवून निघतो. उत्तरं तीन आणि पर्याय दोनच, त्यामुळे निदान दोन उत्तरं सारखी असणारच. म्हणजे वेगवेगळ्या कोनांच्या तीन जोड्यांपैकी निदान एक जोडी जुळतेच. अशा हजारो जोड्या घेऊन कोन मनमानी बदलत राहिलात, तर असमान कोनांवरची जुळणी सरासरी १/३ पेक्षा खाली जाऊ शकत नाही. क्वांटम मेकॅनिक्स १/४ सांगतं, आणि प्रयोगशाळेतही आकडे तिकडेच जातात. बेलच्या प्रमेयाचा गाभा एवढाच. शाळकरी मुलाला समजेल असं गणित आहे, आणि म्हणूनच त्यात काय काय लपलंय याकडे लक्ष जात नाही.

पहिली लपलेली जागा: ‘उत्तरं ठरवून निघतो’ हे आलं कुठून? बहुतेक पाठ्यपुस्तकं सांगतात की हेच ते ‘वास्तववादा’चं गृहीतक, शेजारी स्थानिकतेचं दुसरं, आणि निकाल विरोधात गेला की दोहोंपैकी एक सोडायचं. मग लेखक आपल्या आवडीनुसार वास्तववाद सोडतो आणि सापेक्षतावादाला धक्का लागला नाही म्हणून समाधान मानतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे. आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ साली जो युक्तिवाद केला, त्यात ठरलेली उत्तरं हा निष्कर्ष होता, गृहीतक नव्हतं. पोलरायझरच्या भाषेत सांगायचं तर: डावीकडे ६० अंशांवर ‘हो’ आलं की उजवीकडे ६० अंशांवर ‘हो’ येणार हे मला शंभर टक्के माहीत आहे. डावीकडच्या मोजमापाने उजवीकडच्या फोटॉनला काहीही केलं नसेल, तर त्याचं उत्तर आधीपासूनच पक्कं असलं पाहिजे. हीच गोष्ट ० आणि १२० अंशांनाही लागू. म्हणजे स्थानिकता आणि सारख्या कोनांवरची अचूक जुळणी या दोन गोष्टी दिल्या की ठरलेली उत्तरं आपोआप हाती येतात. बेलचा १९६४चा निबंध याच पायरीवरून पुढे चढतो. पुढे बेलला स्वतःला तक्रार करावी लागली की लोक ही पहिली पायरी विसरतात आणि त्याने सुरुवातच निश्चिततावादाने केली असं समजतात.

याचा व्यवहारातला अर्थ पाहा. तुम्ही म्हणालात, ‘ठीक आहे, उत्तरं आधी ठरलेली नसतात, ती मोजताना घडतात.’ घडू द्या. पण मग सारख्या कोनावर दोन्हीकडची उत्तरं दर वेळी जुळतात कशी? दोन दूरच्या ठिकाणी खरोखरच यदृच्छेने घडलेल्या गोष्टी कधीच चुकत नाहीत, आणि त्यांच्यात काही देवाणघेवाणही नाही? ठरलेली उत्तरं हेच या जुळणीचं एकमेव स्थानिक स्पष्टीकरण होतं. ते टाकून दिल्यावर स्थानिकता वाचत नाही, तिचा शेवटचा आधार जातो.

कुणी म्हणेल, अचूक जुळणी प्रत्यक्षात कधी मिळतच नाही. खरंय. क्लाउझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी १९६९ साली याच कारणासाठी असमानतेचं नवं रूप दिलं: दोन्हीकडे दोन-दोन मांडण्या, चार सहसंबंधांची एक बेरीज-वजाबाकी, आणि स्थानिक मर्यादा २. क्वांटम सिद्धांत त्याच राशीला २√२ म्हणजे सुमारे २.८३ पर्यंत जाऊ देतो. १९७६ मध्ये बेलने त्याखालचं गृहीतक नीट मांडलं आणि त्याला स्थानिक कार्यकारणभाव म्हटलं. त्यात निश्चिततेचा उल्लेखही नाही. एखाद्या घटनेच्या भूतकाळात जे काही होतं ते सगळं दिलं, तर दूरवरच्या घटनेची माहिती मिळाल्याने तिची संभाव्यता बदलू नये, एवढीच अट. पासे टाकणारा निसर्गही या अटीत बसतो, आणि तरीही मर्यादा २ च राहते. आर्थर फाइनने १९८२ साली दाखवलं की असं कुठलंही यदृच्छ स्थानिक प्रारूप पूर्ण निश्चित प्रारूपाच्या रूपात पुन्हा लिहिता येतं. निश्चितता गृहीत धरल्याने तुम्हाला जादा काही मिळत नाही आणि सोडल्याने काही सुटत नाही.

मग सगळा गोंधळ आला कुठून? बऱ्याच अंशी ‘स्थानिकते’च्याच दोन अर्थांमधून. बेलच्या अटीचे दोन तुकडे पडतात, हे जॅरेटने १९८४ साली स्पष्ट केलं. एक तुकडा म्हणतो, माझ्या निकालाची संभाव्यता समोरच्याने निवडलेल्या कोनावर अवलंबून नसावी. दुसरा म्हणतो, ती समोरच्याला मिळालेल्या निकालावरही अवलंबून नसावी. नेहमीचं क्वांटम मेकॅनिक्स तरंगफलाला, म्हणजे प्रणालीची अवस्था सांगणाऱ्या गणिती फलाला, संपूर्ण वर्णन मानतं, म्हणून पहिला तुकडा पाळतं आणि दुसरा मोडतं. बोमचा सिद्धांत, ज्यात तरंगफलासोबत कणाला नेहमी निश्चित जागाही असते, पहिला मोडतो. दोन्हीत संदेश मात्र प्रकाशापेक्षा वेगाने पाठवता येत नाही. ज्याच्या लेखी स्थानिकता म्हणजे ‘संदेश जात नाही’, तो म्हणतो ती शाबूत आहे, मग दुसरं काहीतरी हरलं असणार. त्या दुसऱ्या कशाला तरी तो वास्तववाद असं नाव देऊन मोकळा होतो. ज्याच्या लेखी स्थानिकता म्हणजे बेलची अट, त्याच्यासाठी हरवायला दुसरं काही उरतच नाही. सुरुवातीच्या प्रश्नातले दोघे बहुतेक इथेच अडकलेत.

दुसरी लपलेली जागा वरच्या गणितातल्या ‘कोन मनमानी बदलत राहिलात’ या शब्दांत आहे. सरासरी १/३ येण्यासाठी एक गोष्ट लागते: मी निवडलेला कोन आणि फोटॉनने सोबत आणलेली उत्तरं यांचा एकमेकांशी संबंध नसावा. संबंध असेल तर १/४ काय, हवा तो आकडा मिळवता येईल. शिमोनी, हॉर्न आणि क्लाउझर यांनी १९७६ साली बेलला हे दाखवून दिलं आणि त्याने मान्यही केलं. आज हा मार्ग सुपरडिटर्मिनिझम म्हणून ओळखला जातो आणि टॉफ्टसारखा नोबेलविजेता त्याची गंभीरपणे पाठराखण करतो. त्यावर प्रयोगही झालेत. २०१८ साली ला पाल्मा बेटावरच्या दुर्बिणींनी दोन क्वेसारांचा (अतिदूरच्या आकाशगंगांच्या तेजस्वी केंद्रांचा) प्रकाश घेऊन पोलरायझरचे कोन ठरवले. एकाचा प्रकाश सुमारे ७.८ अब्ज वर्षांपूर्वी निघालेला, दुसऱ्याचा १२ अब्ज वर्षांहून आधी. असमानता तरीही मोडली. कटकारस्थान असेलच, तर ते निदान तितकं जुनं असलं पाहिजे.

याने सुपरडिटर्मिनिझम खोटा ठरतो का? नाही, महास्फोटापर्यंत मागे सरकायला जागा आहेच. पण मला तो पटत नाही, आणि कारण तात्त्विक नसून धंद्याचं आहे. कुठल्याही नियंत्रित प्रयोगात कोणत्या नमुन्यावर कोणती चाचणी हे नमुन्याच्या गुणांशी निगडित नाही, हे धरूनच आपण चालतो. ते इथे सोडायचं असेल तर बाकी सगळ्या विज्ञानात ते का चालतं हे सांगणारा ठोस सिद्धांत समोर ठेवावा लागेल. तसा सिद्धांत अजून मला दिसलेला नाही. याच गृहीतकाला उलट बाजूने वळसा घालणारेही आहेत. त्यांच्या मते पुढे निवडला जाणारा कोनच मागच्या काळातल्या फोटॉनवर परिणाम करतो. बोलायला विचित्र वाटतं, पण समीकरणं काळाच्या दोन्ही दिशांना सारखीच चालतात हे आठवलं की मी याला हसण्यावारी नेत नाही.

तिसरी जागा प्रयोगवाल्यांना चांगलीच ठाऊक आहे. सगळे फोटॉन सापडत नाहीत. १९७२ साली फ्रीडमन आणि क्लाउझर यांनी आणि १९८१-८२ मध्ये अ‍ॅस्पेच्या गटाने केलेल्या प्रयोगांत बहुसंख्य जोड्या डिटेक्टरमधून निसटत होत्या. जे सापडले ते न सापडलेल्यांचं योग्य प्रतिनिधित्व करतात, असं मानावं लागे. चार सहसंबंधांच्या चाचणीत पूर्ण गुंतलेल्या जोड्या वापरल्या तर ही पळवाट बुजवायला डिटेक्टरची कार्यक्षमता सुमारे ८३ टक्क्यांच्या वर हवी. एबरहार्डने १९९३ साली दाखवलं की कमी गुंतलेल्या जोड्या वापरल्या तर दोन तृतीयांशाच्या थोडं वर गेलं तरी भागतं. २०१५ मध्ये डेल्फ्टला १.३ किलोमीटर अंतरावरच्या दोन हिऱ्यांमधल्या इलेक्ट्रॉनवर, आणि व्हिएन्ना व बोल्डर इथे अतिवाहक डिटेक्टर वापरून फोटॉनवर, ही पळवाट आणि दोन टोकांमध्ये संदेश जाऊ शकण्याची पळवाट, अशा दोन्ही मोठ्या पळवाटा एकाच वेळी बंद झाल्या. डेल्फ्टच्या निकालात नोंदी फक्त २४५ होत्या आणि राशीची किंमत २.४२ आली, २ च्या मर्यादेच्या वर. हे गृहीतक आता चर्चेतून गेलं, आणि गेलं ते उपकरणं सुधारून, वाद घालून नव्हे.

चौथी जागा इतकी उघडी आहे की दिसत नाही: दर मोजमापाला उत्तर एकच येतं. एव्हरेटच्या १९५७च्या मांडणीत हेच नाकारलं जातं. तिथे ‘हो’ही घडतं आणि ‘नाही’ही, वेगवेगळ्या शाखांत. मग ‘उजवीकडे काय उत्तर आलं’ हा प्रश्नच अपुरा ठरतो आणि बेलचं गणित सुरूच होत नाही. म्हणूनच एव्हरेटवादी स्वतःला स्थानिक म्हणवून घेतात आणि वर कट्टर वास्तववादीही. त्यांच्या मते तरंगफल खरं आहे, पूर्णपणे खरं आहे. ‘वास्तववाद सोडा’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावं. इथे वास्तववाद घट्ट धरून भलतंच काहीतरी सोडलंय. संभाव्यतेला या चित्रात अर्थ काय, हा त्यांचा दुखरा भाग आहे आणि तो मला अजून सुटलेला वाटत नाही.

आता उलट टोकाला जाऊ. क्यूबिझम (QBism, चित्रकलेतला नव्हे, क्वांटम सिद्धांताचा एक अर्थ) मानणारे म्हणतात की संभाव्यता म्हणजे माझ्या अपेक्षा आणि निकाल म्हणजे माझा अनुभव. डावीकडे मोजल्यावर मी फक्त माझ्या अपेक्षा बदलल्या, उजवीकडे काहीच झालं नाही. दूरच्या निरीक्षकाला काय दिसलं हे माझ्यापर्यंत पोचेपर्यंत ती माझ्या लेखी घटनाच नाही. ही भूमिका सुसंगत आहे आणि ती खरोखर स्थानिकता वाचवते. पण किंमत पाहून घ्या. इथे सोडलेला वास्तववाद ‘कणाला आधीपासून गुणधर्म असतो’ हा नाही. सोडलंय ते ‘घडलेली गोष्ट सगळ्यांसाठी घडलेली असते’ हे. पहिला सोडायला मी एका मिनिटात तयार होईन. दुसऱ्यासाठी मला रात्रभर विचार करावा लागेल.

हा फरक हवेतला नाही, हे २०२० साली ब्रिस्बेनच्या ग्रिफिथ विद्यापीठातल्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका प्रमेयात बांधून दाखवलं. विग्नरने १९६१ साली बंद खोलीतल्या मित्राची कल्पना मांडली होती: मित्र आत मोजमाप करतो, आणि बाहेरचा माणूस मित्रासकट सगळ्या खोलीला एक क्वांटम प्रणाली मानतो. नवं प्रमेय म्हणतं की तीन गोष्टी एकत्र टिकत नाहीत: दिसलेली घटना सर्वांसाठी निरपवाद घडलेली असते, कोन स्वतंत्रपणे निवडता येतात, आणि माझ्या निवडीचा दूरच्या निकालावर परिणाम होत नाही. ठरलेली उत्तरं नाहीत, लपलेले चल (तरंगफलात नसलेली, पण निकाल ठरवणारी जादा माहिती) नाहीत, बेलच्या अटीपेक्षाही कमी मागितलंय. अट एकच, की क्वांटम सिद्धांत निरीक्षकालाही लागू पडावा. प्रयोगही झाला, पण त्यातला ‘मित्र’ म्हणजे फोटॉनचा मार्ग होता. त्याला निरीक्षक म्हणायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. मी म्हणणार नाही. माणसासारखा विचार करणारा संगणक क्वांटम अवस्थेत धरून ठेवता आला तर गोष्ट वेगळी, आणि ते आज कुणाच्याच आवाक्यात नाही.

असल्या प्रमेयांकडे पाहताना मी सावध का असतो, तेही सांगतो. फॉन नॉयमनने १९३२च्या ग्रंथात सिद्ध केलं की क्वांटम मेकॅनिक्समागे लपलेले चल असूच शकत नाहीत. पिढीच्या पिढी त्यावर विसंबली. त्यात एक गृहीतक असं होतं: दोन राशींच्या बेरजेची सरासरी ही त्यांच्या सरासरींची बेरीज असते, आणि हे लपलेल्या चलांनी पूर्ण ठरवलेल्या एकेका अवस्थेतही खरं असावं. निरागस वाटतं ना? आता स्पिन, म्हणजे कणाचा एक अंगभूत चुंबकासारखा गुणधर्म, घ्या, किंमत +१ किंवा −१. एका दिशेचा स्पिन आणि तिच्याशी काटकोनातल्या दिशेचा स्पिन यांची बेरीज मोजली तर किंमत √२ किंवा −√२ येते. पण एकेकाच्या ठरलेल्या किमती मिळवल्या तर −२, ० किंवा २ च येणार. हे गृहीतक पाळणारे लपलेले चल एका ओळीत बाद होतात, त्यासाठी प्रमेयाचीही गरज नाही. ग्रेटे हरमानने १९३५ मध्येच या जागेवर बोट ठेवलं होतं, कुणी लक्ष दिलं नाही. १९५२ साली बोमने चक्क चालणारा लपलेल्या चलांचा सिद्धांत छापला, म्हणजे प्रमेय जे अशक्य म्हणत होतं ते समोर उभं राहिलं. तरी दोष नेमका कुठे आहे हे बेलच्या १९६६च्या लेखानंतरच लोकांच्या गळी उतरू लागलं. २०१२ साली पुसी, बॅरेट आणि रुडॉल्फ यांनी तरंगफल हे निव्वळ आपल्या अज्ञानाचं वर्णन असू शकत नाही असं दाखवलं, तेव्हा म्हणूनच मी आधी गृहीतकं शोधली. त्यातही एक आहे: स्वतंत्रपणे तयार केलेल्या दोन प्रणालींच्या खऱ्या अवस्थाही स्वतंत्र असतात. मला ते रास्त वाटतं, पण ते आहे.

भाबडा वास्तववाद कशाने हरला, हे अजून सांगायचं राहिलं. कोकेन आणि स्पेकर, १९६७. मोजमाप म्हणजे आधीपासूनची किंमत फक्त वाचणं, आणि सोबत आणखी काय मोजलं याने ती किंमत बदलत नाही, असं मानलं तर तीन मितींच्या क्वांटम प्रणालीतही किमतींचं वाटप जमत नाही. त्यांनी ११७ दिशा घेऊन हे दाखवलं. इथे अंतर नाही, दोन टोकं नाहीत, एकच प्रणाली आहे.

तर मोजण्यापूर्वी इलेक्ट्रॉनला गुणधर्म असतात का? बोमचा सिद्धांत इथे डोळे उघडतो. तो शंभर टक्के वास्तववादी आहे. इलेक्ट्रॉनला प्रत्येक क्षणी जागा असते, कुणी पाहो न पाहो. त्याच सिद्धांतात स्पिन मात्र आधीपासून नसतो. स्पिननुसार कण वर-खाली वेगळे करणाऱ्या स्टर्न-गेर्लाख चुंबकात इलेक्ट्रॉन वर जाईल की खाली, हे त्याच्या सुरुवातीच्या जागेवर आणि तरंगफलावर ठरतं. आता तेच तरंगफल आणि तीच सुरुवातीची जागा ठेवा, फक्त चुंबकीय क्षेत्राचा उतार उलटा करा. योग्य मांडणीत इलेक्ट्रॉन पूर्वीसारखाच वर जातो, पण उतार उलटल्यामुळे त्याच वर जाण्याला आता ‘स्पिन खाली’ म्हणावं लागतं. म्हणजे निकाल इलेक्ट्रॉनच्या खिशात नव्हता, इलेक्ट्रॉन आणि उपकरण यांच्यात मिळून घडला. क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक असलेल्या नील्स बोरने पन्नास वेळा सांगितलेली गोष्ट बोरला न मानणाऱ्या सिद्धांतातून बाहेर पडते.

आणि हे सगळं प्रयोगापलीकडचं तत्त्वज्ञान आहे, असंही समजू नका. बोम आणि एव्हरेट यांचे अंदाज नेहमीच्या क्वांटम मेकॅनिक्सशी तंतोतंत जुळतात, तिथे प्रयोग मदत करणार नाही. पण १९८६ साली गिरार्डी, रिमिनी आणि वेबर यांनी सुचवलेल्या प्रारूपात तरंगफल आपोआप कोसळतं, एका कणासाठी सेकंदाला १०⁻¹⁶ इतक्या क्षुल्लक दराने. एखाद्या कणाची पाळी येईपर्यंत कोट्यवधी वर्षं जातील, पण असंख्य कणांच्या वस्तूत ते क्षणार्धात घडतं. अशा प्रारूपांत थोडीशी जादा उष्णता आणि किरणोत्सार अपेक्षित असतो, आणि तो मोजता येतो. इटलीतल्या ग्रान सासो इथल्या भूमिगत प्रयोगशाळेत जर्मेनियम डिटेक्टरने त्याचा शोध घेतला गेला आणि गुरुत्वाकर्षणाने तरंगफल कोसळतं असं मानणाऱ्या दिओशी-पेनरोज प्रारूपाचं सर्वांत साधं रूप त्यातून बाद झालं. बाकीच्या प्रारूपांच्या मर्यादा अजून आवळल्या जात आहेत.